वेळेचा दुहेरी हिशेब

१ जानेवारी १९०६ रोजी हिंदुस्थानात नवी प्रमाणवेळ लागू झाली. ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढची ही वेळ मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटांनी पुढे होती. म्हणजे गिरणीने नवे घड्याळ धरले, की रोजच्याच उजेडात उठून रोजच्याच वाटेने निघालेला कामगार फाटकाशी ३९ मिनिटे उशिरा पोहोचणार. त्याचे काहीच चुकलेले नव्हते. काटा दुसऱ्याच कोणी पुढे सरकवला होता. त्या जानेवारीत काही हजार गिरणी कामगारांनी नव्या वेळेने काम करायला नकार दिला आणि गिरण्यांवर दगड पडले. मुंबई महापालिकेनेही नवी वेळ मान्य केली नाही. शहरात ‘मुंबई टाइम’ १९५५ पर्यंत कुठे ना कुठे टिकून राहिला.

हजेरी आणि उशीर या विषयावरच्या या पुस्तकाच्या प्रस्तावनेची सुरुवात मी मुद्दाम या प्रसंगापासून करतो आहे. उशीर म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर उशिरा येणारा माणूसच उभा राहतो. त्याचा आळस, त्याची बेफिकिरी, त्याचे रोजचे नवे कारण. पण कुठलाही उशीर दोन गोष्टींमधले अंतर असतो. माणूस किती वाजता आला ही एक, आणि किती वाजता यायचे हे कोणी, कशासाठी ठरवले ही दुसरी. पहिलीची नोंद मस्टरवर होते. दुसरीबद्दल सहसा कोणी विचारत नाही. या पुस्तकात दोन्हींचा विचार आहे, आणि माझ्या मते त्यातच त्याचे मोल आहे.

वेळेवरून मुंबईत झालेले हे काही पहिले भांडण नव्हते. १८७० पासून हिंदुस्थानातल्या रेल्वे मद्रासच्या वेधशाळेच्या वेळेने धावत. ही मद्रास वेळ मुंबई वेळेच्या सुमारे अर्धा तास पुढे होती. १८८१ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजासाठी मुंबईतही मद्रास वेळ लागू केली. लोकांनी ती मनापासून स्वीकारली नाही आणि १८८३ मध्ये सरकारला माघार घ्यावी लागली. कचेरीची वेळ अर्ध्या तासाने बदलली की घरातली चूल, पूजा, मुलांची शाळा, दुपारचे जेवण असे सगळेच सरकते. आजही ‘उद्यापासून साडेनऊऐवजी नऊ’ असे पत्रक लावणाऱ्या व्यवस्थापकाने हे ध्यानात ठेवावे.

वेळ कोण ठरवतो, याचे एक वेगळे उत्तर मला दक्षिणेत सापडते. मद्रास वेळेने धावणाऱ्या जुन्या मुख्य रेल्वेमार्गावर, कुंभकोणमच्या पूर्वेला थोड्या अंतरावर, आडुतुरै हे गाव आहे. हा तंजावर जिल्हा, कावेरीचे खोरे. १८५५ पर्यंत इथे भोसल्यांचा मराठी दरबार होता. आडुतुरै मात्र राजामुळे नव्हे, भातामुळे ओळखले जाते. १९२२ साली इथे भात संशोधन केंद्र सुरू झाले. आज ते तमिळनाडू तांदूळ संशोधन संस्था म्हणून कृषी विद्यापीठाच्या छत्राखाली काम करते. ‘एडीटी’ ही अक्षरे लावून ओळखले जाणारे भाताचे वाण या गावाच्या नावाचे आहेत. जपानी नोरिन १० आणि दक्षिणेतला जीईबी २४ यांच्या संकरातून निवडलेला एडीटी २७ हा १९६० च्या दशकात खोऱ्यातल्या शेतकऱ्यांच्या हाती आला. १९९८ चा एडीटी ४३ बारीक तांदळासाठी नावाजला.

कामाच्या वेळेबद्दल बोलताना मला हे भाताचे शेत फार महत्त्वाचे वाटते. भाताच्या दोन जातींचा संकर हाताने करायचा असतो. भाताच्या फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात आणि ते स्वतःच स्वतःचे परागण करून मोकळे होते. म्हणून ज्या रोपाला मादी म्हणून वापरायचे, त्याच्या लोंबीतल्या प्रत्येक फुलाचे टोक कात्रीने छाटून सहाही पुंकेसर चिमट्याने काढावे लागतात. परागकोश फुटण्याआधी हे व्हायला हवे, म्हणजे आदल्या संध्याकाळी किंवा अगदी पहाटे. मग लोंबीवर कागदी पिशवी चढवायची. भाताची फुले सकाळी साधारण नऊ ते अकराच्या दरम्यान उमलतात. त्या वेळी दुसऱ्या वाणाची फुललेली लोंबी आणून तिचे पराग झटकायचे. एकेक फूल जेमतेम तासभर उघडे असते. पहाटेच्या कामाला माणूस दीड तास उशिरा आला तर परागकोश फुटलेले असू शकतात. मग त्या लोंबीत पडणारा दाणा संकराचा की स्वपरागणाचा, हे कोणी खात्रीने सांगू शकत नाही, आणि त्या दिवसाचे काम फुकट जाते. भाताचा हंगाम तर पुढच्या दिवसासाठी थांबत नाही.

इथे वेळ कामानेच ठरवलेली आहे. साहेबाने नाही, नियमपुस्तकाने नाही. भट्टीवरचा कामगार, शस्त्रक्रियागृहातली परिचारिका, शाळेचा पहिला तास घेणारे शिक्षक, एसटीचा चालक, पाळी संपवून घरी जायच्या तयारीत असलेल्याला सोडवायला येणारा दुसऱ्या पाळीचा माणूस, या सगळ्यांच्या वेळा अशाच आहेत. त्यांच्या उशिराने दुसऱ्या कोणाचे तरी थेट नुकसान होते. पण हिशेबनीस साडेनऊऐवजी नऊ चाळीसला आला आणि संध्याकाळी दहा मिनिटे जास्त बसला, तर कोणाचे काय अडले? असा प्रश्न विचारल्यावर अनेक व्यवस्थापक म्हणतात, ‘शिस्तीचा प्रश्न आहे.’ शिस्त हवीच. पण कामाला लागणारी शिस्त आणि मालकाला बघायला बरी वाटणारी शिस्त यांत फरक आहे. तो न करता दोन्हींना एकच लेट मार्क लावला, तर माणसे पहिलीचीही किंमत करीनाशी होतात. संशोधन केंद्रातल्या मजुराला पहाटे का यायचे हे एकदा समजावून सांगितले, फुटलेला परागकोश दाखवला, तर पुढे त्याच्यावर फारशी नजर ठेवावी लागत नाही. अनुभवी पर्यवेक्षक हे जाणतात. हजेरीचे यंत्र विकत घेण्याआधी प्रत्येक पदासाठी ‘वेळेवर येणे का हवे’ याचे एक वाक्याचे उत्तर लिहून काढावे, ही या पुस्तकातली पहिली सूचना मला म्हणूनच सर्वांत मोलाची वाटते. ज्या पदासाठी ते वाक्य लिहिता येत नाही, तिथे वेळ लवचीक ठेवायला हरकत नसावी.

आता मुंबईकडे परत येऊ. गिरणगावाच्या जुन्या नोंदी वाचताना एक गोष्ट लक्षात येते. सुरुवातीच्या काळात कामगारांची तक्रार वेळ मोजण्याबद्दल नव्हतीच, वेळ न मोजण्याबद्दल होती. सूर्य उगवला की गिरणी सुरू आणि मावळला की बंद, असा दिवस. उन्हाळ्यात तो हिवाळ्यापेक्षा लांब, पण मजुरी तीच. १८८१ चा पहिला फॅक्टरी कायदा मुलांपुरता होता. सात ते बारा वर्षांच्या मुलांना दिवसाला नऊ तासांपेक्षा जास्त राबवायचे नाही, एवढेच त्यात होते. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल एक अक्षर नव्हते.

सप्टेंबर १८८४ मध्ये ‘दीनबंधु’चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी परळला गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या. सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन तयार झाले. त्यातल्या मागण्या आजच्या कुठल्याही मनुष्यबळ अधिकाऱ्याने एकदा शांतपणे वाचाव्यात. रविवारी सुट्टी, दुपारी अर्ध्या तासाची विश्रांती, सकाळी साडेसहा ते सूर्यास्त अशी कामाची वेळ, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर इजा झाली तर बरे होईपर्यंत मजुरी. यातल्या पहिल्या तिन्ही मागण्या वेळेच्या आहेत. साडेसहा हा आकडा तर विशेष पाहण्यासारखा आहे. कामगार स्वतःच घड्याळातली वेळ मागत होता. दिवस सुरू कधी होतो हे पक्के लिहून द्या, म्हणजे त्याआधीची पहाट आमची राहील, असा त्याचा अर्थ. लोखंड्यांच्या प्रयत्नांना १० जून १८९० रोजी फळ आले आणि मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. आज आपण जी सुट्टी गृहीत धरतो तिच्यामागे ही सहा वर्षे आहेत.

पुढचा धक्का विजेने दिला. १९०५ च्या सुमारास मुंबईच्या गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्यास्ताची मर्यादाही गेली. तास चौदा-पंधरापर्यंत वाढले. कामगारांनी काम बंद केले. प्रमाणवेळेचा वाद याच्या पाठोपाठ, अवघ्या काही महिन्यांनी आला. तो घड्याळाबद्दलच्या अज्ञानातून आला होता असे काही जुन्या लेखनात सुचवलेले दिसते. मला ते पटत नाही. ज्यांची संध्याकाळ नुकतीच हिरावली गेली होती, त्यांच्या पहाटेतली ३९ मिनिटेही जाणार होती. त्यांचा हिशेब बरोबर होता.

मद्रासलाही हेच घडले, जेवणाच्या सुट्टीवरून. पेरांबूरच्या बकिंगहॅम आणि कर्नाटिक गिरण्यांत दुपारची सुट्टी जेमतेम अर्ध्या तासाची होती. हात धुऊन, जेवून, धावत परत यायचे. उशीर झाला की नुकसान. २७ एप्रिल १९१८ रोजी बी. पी. वाडिया यांच्या अध्यक्षतेखाली मद्रास लेबर युनियन स्थापन झाली आणि पुढे देशातली पहिली रीतसर कामगार संघटना म्हणून ओळखली गेली. तिच्या पहिल्या गाऱ्हाण्यांत हा अर्धा तास होता. वाडिया मुंबईचे पारशी होते आणि कामगार तमीळ व तेलुगू बोलणारे. जेवणाला वेळ पुरत नाही हे समजायला भाषा आड आली नाही.

मुंबईत १९२८ साली एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद होत्या. त्या संपानंतर नेमलेल्या फॉसेट समितीपुढे गिरण्यांचे स्थायी आदेश, म्हणजे कामावर येण्याजाण्याचे, रजेचे, दंडाचे आणि कामावरून काढण्याचे लेखी नियम चर्चेला आले. त्याआधी हे सगळे कामगार भरती करणाऱ्या जॉबरच्या आणि मुकादमाच्या मर्जीवर चाले. कोणाला पाच मिनिटे माफ, कोणाचा अख्ख्या दिवसाचा खाडा, आणि फाटकाशी उभ्या बदली कामगाराला ते काम. नियम कागदावर आल्याने कडकपणा आला हे खरे, पण त्याबरोबर मर्जी गेली. लेखी नियमांना कंटाळणाऱ्या लहान उद्योजकांनी याचा विचार करावा. ‘आमच्याकडे घरच्यासारखे वातावरण आहे, नियमबियम काही नाही’ असे मालक कौतुकाने सांगतो. त्या घरात लाडका कोण आणि सावत्र कोण, हे कामगारांना पक्के माहीत असते.

कायद्याबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वांत जास्त गैरसमज इथेच आहेत. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने दोन गोष्टी एकमेकींपासून वेगळ्या केल्या. गैरहजेरीबद्दलची कपात ही एक आणि दंड ही दुसरी. कामगार जितका वेळ कामावर नव्हता तितक्याच वेळेची मजुरी कापता येते. वीस मिनिटे उशीर असेल तर वीस मिनिटांची. त्याहून एक पैसाही जास्त कापला तर तो दंड होतो, आणि दंडाचे नियम वेगळे आहेत. कोणत्या चुकांना दंड होईल त्याची यादी आधी मंजूर करून दर्शनी भागात लावलेली हवी. दंड करण्यापूर्वी त्या माणसाला आपले म्हणणे मांडायची संधी द्यायला हवी. एका वेतन काळातला एकूण दंड मजुरीच्या तीन टक्क्यांपलीकडे जाता कामा नये. दंडाची नोंद वहीत व्हायला हवी आणि तो पैसा मालकाच्या खिशात न जाता कामगारांच्याच हिताच्या कामाला लागायला हवा. ही शेवटची अट मला फार शहाणपणाची वाटते. उशिरातून मालकाची कमाई होऊ लागली, तर उशीर कमी करण्यात त्याला रस राहणार नाही.

याच कायद्यात कामगारांच्या बाजूने न जाणारी एक तरतूदही आहे, तीही सांगायला हवी. दहा किंवा अधिक जण ठरवून, करारात ठरलेली पूर्वसूचना न देता आणि वाजवी कारणाशिवाय कामावर आले नाहीत, तर आठ दिवसांपर्यंतची मजुरी कापण्याची मुभा कायदा देतो. कपात आणि दंड यांची ही सारी चौकट आता वेतन संहिता, २०१९ मध्ये आली आहे आणि चारही श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आल्या आहेत.

आता आपल्या ओळखीच्या पद्धतीकडे पाहा. ‘तीन लेट मार्क, एक हाफ डे.’ पुण्या-मुंबईतल्या किती कचेऱ्यांत हे पत्रक भिंतीवर असेल! तीन दिवस मिळून पंचवीस मिनिटांचा उशीर आणि चार तासांचा पगार गेला, तर प्रमाणशीर कपातीचे तत्त्व सरळ मोडले जाते. रजेच्या खात्यातून अर्धा दिवस वजा करणे ही निराळी गोष्ट आहे. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांतही उशिराबद्दल अर्धी नैमित्तिक रजा वजा होते. पण तिथे सबळ कारण असेल तर तासाभरापर्यंतचा उशीर महिन्यातून दोन वेळा माफ करण्याची सोय आहे. म्हणजे शिक्षा आहे, पण विचारण्याची जागाही आहे. खासगी पत्रकांत बहुतेक वेळा हा दुसरा भाग नसतो.

नेहमी उशिरा येणे ही स्थायी आदेशांनुसार गैरवर्तणूक आहे, हेही विसरू नये. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखालच्या आदर्श स्थायी आदेशांत ती शब्दशः नोंदलेली होती. म्हणून कामगाराने ‘पाच-दहा मिनिटांनी काय होते’ असे म्हणून ती हसण्यावारी नेणे बरोबर नाही. पण ‘नेहमी’ सिद्ध करायला नोंद लागते, आणि नोंदीबरोबर वेळोवेळी दिलेली समज, लेखी ताकीद, खुलासा मागवणे आणि चौकशी हे टप्पे लागतात. वर्षभर काही न बोलता आठवड्याभरात काढून टाकले, तर प्रकरण न्यायालयात टिकत नाही. टिकूही नये. ज्या चुकीकडे आपण अकरा महिने काणाडोळा केला ती बाराव्या महिन्यात अक्षम्य ठरवणे अन्याय्य आहे.

आता या पुस्तकाच्या गाभ्याशी येतो. हजेरीपटाला दोन बाजू असतात. कामगार किती वाजता आला हे त्यात दिसते, तसेच तो किती वाजता गेला हेही दिसायला हवे. कामाचे तास ५४ वरून आठवड्याला ४८ वर आले ते १९४६ च्या दुरुस्तीने, आणि ते विधेयक मांडताना व्हाइसरॉयच्या मंडळातले श्रम सदस्य होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. १९४८ च्या फॅक्टरी कायद्याने ही मर्यादा कायम ठेवली. दिवसाला नऊ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि मर्यादेपलीकडच्या कामाला दुप्पट दराने मोबदला असे त्यात बांधून दिले. दुप्पट दराचे तत्त्व नव्या संहितेतही आहे. हा सगळा हक्क एका वहीवर उभा आहे. बाहेर पडण्याची वेळ ज्या वहीत नाही, त्या कारखान्यात दुप्पट दर कागदावरच राहतो.

आणि अनेक ठिकाणी नेमके हेच होते. सकाळी यंत्रावर थम लावायचा, तो मिनिटासह नोंदला जातो. संध्याकाळी सातला ‘एवढे संपवून जा’ म्हटले जाते आणि ते दीड-दोन तास कुठेच दिसत नाहीत. सॉफ्टवेअरमध्ये सोय असते, पण बाहेर पडण्याच्या नोंदीवरून कोणी हिशेब काढत नाही. उशिराचा अहवाल मात्र दर महिन्याला व्यवस्थापकाच्या टेबलावर असतो. असे एकतर्फी मोजमाप करणाऱ्या मालकाला उशिराबद्दल बोलण्याचा नैतिक अधिकार राहत नाही, असे मी स्पष्ट म्हणेन. सकाळची दहा मिनिटे ज्याला दिसतात त्याला संध्याकाळचे दोन तास दिसलेच पाहिजेत.

यंत्रांबद्दल थोडे. अमेरिकेतल्या ऑबर्न गावचे जवाहिरे विलार्ड बंडी यांनी १८८८ च्या सुमारास कामगाराच्या किल्लीने वेळ छापणारे घड्याळ बनवले. त्यांच्या कंपनीचा वारसा पुढे आयबीएममध्ये मिसळला. आज जगभर हिशेबाची यंत्रे विकणाऱ्या कंपनीच्या मुळाशी कामगारांची हजेरी आहे. त्यानंतर पंच कार्ड, स्वाइप, बोटाचा ठसा, चेहरा, मोबाइलमधले ठिकाण असे सगळे आले. केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत २०१४ पासून आधारशी जोडलेली बायोमेट्रिक हजेरी सुरू झाली. यंत्र मर्जी मोडते, म्हणून मी त्याच्या बाजूने आहे. पण यंत्र हजेरी मोजते, काम मोजत नाही. शिवाय ते चुकते तेव्हा त्याची किंमत नेहमी सर्वांत गरीब माणूस भरतो.

याचे सर्वांत ठळक उदाहरण रोजगार हमीचे आहे. महाराष्ट्रात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली योजना १९७२ च्या दुष्काळात मोठ्या प्रमाणावर उभी राहिली. तिथे हजेरीपट होता, पण मजुरी ठरे ती मातीकामाच्या मोजमापावर. गटाने किती घनमीटर खोदले ते महत्त्वाचे होते. राष्ट्रीय रोजगार हमी योजनेत २०२१ मध्ये मोबाइलवरची हजेरी आली आणि १ जानेवारी २०२३ पासून ती सर्वत्र सक्तीची झाली. कामाच्या जागेवरचा फोटो दिवसातून दोनदा चढवायचा. मोबाइलला रेंज नसलेल्या डोंगरात दुसरा फोटो चढला नाही, तर दिवसभर माती उपसलेल्या बाईची हजेरी अपुरी राहते. उलट फोटोचाच फोटो काढून खोटी हजेरी लावण्याचे प्रकार होत असल्याचे केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयानेच जुलै २०२५ मध्ये राज्यांना कळवले. प्रामाणिक माणूस अडकला आणि लबाड निसटला. हजेरीची कुठलीही पद्धत बसवताना ही कसोटी आधी लावावी. यंत्र बंद पडले तर कामगाराच्या शब्दाला, सहकाऱ्याच्या साक्षीला, पर्यवेक्षकाच्या सहीला जागा आहे का? नसेल तर ती पद्धत अपुरी आहे.

उशिराच्या कारणांचे एक वेगळे प्रकरण या पुस्तकात आहे आणि ते वाचताना मला पुन्हा कावेरीचे खोरे आठवले. पूर्वापार १२ जूनला मेट्टूर धरणाचे पाणी सोडले, की आडुतुरैच्या परिसरात कुरुवै हंगामाच्या भाताची घाई सुरू होते. लावणीला बायका सकाळी लवकर शेतात उतरतात. त्याआधी त्यांनी घरचे पाणी, स्वयंपाक, मुले हे सगळे उरकलेले असते. कोकणात, मावळात, भंडाऱ्याच्या धानपट्ट्यात हेच. इकडे कचेरीत येणाऱ्या बाईचीही सकाळ अशीच जाते. ती दहा मिनिटे उशिरा आली तर मस्टरला फक्त दहा मिनिटे दिसतात, आधीचे साडेतीन तास दिसत नाहीत. ते दिसावेत असे मी म्हणत नाही, ते मस्टरचे कामही नाही. पण ज्याने लेट मार्क लावायचा त्याला ते माहीत असावेत. मुंबईच्या लोकलवर अवलंबून असलेल्या माणसाचेही तसेच. पावसाळ्यात रुळांवर पाणी आले की हजारो माणसे एकाच वेळी उशिरा ठरतात. २९ फेब्रुवारी २०२० पासून महाराष्ट्र शासनाने पाच दिवसांचा आठवडा करताना कचेरीची वेळ पावणेदहा ते सव्वासहा केली. मध्य रेल्वेनेही गर्दी विभागण्यासाठी कचेऱ्यांना वेळा बदलण्याचे आवाहन केलेले आहे. एकच कारण दहा जणांच्या तोंडी असेल, तर नियम बदलायचा. एकाच माणसाच्या तोंडी दहा कारणे असतील, तर त्या माणसाशी बोलायचे. बोलायचे म्हणजे एकटे बसवून, दार लावून, चारचौघांत नाही.

हा विषय आजच ऐरणीवर का आहे, तेही सांगतो. तमिळनाडूच्या विधानसभेने २१ एप्रिल २०२३ रोजी कारखान्यांत बारा तासांच्या पाळीला वाट करून देणारे विधेयक मंजूर केले. कामगार संघटनांनी आणि सत्ताधारी आघाडीतल्या मित्रपक्षांनीही विरोध केला आणि १ मे रोजी मुख्यमंत्री एम. के. स्टॅलिन यांनी ते मागे घेत असल्याचे जाहीर केले. ज्या मद्रासमध्ये १९२३ साली सिंगारवेलर यांनी देशातला पहिला मे दिन साजरा केला, तिथे बरोबर शंभर वर्षांनी. महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२५ मध्ये कारखान्यांतला दिवस नऊवरून बारा तासांपर्यंत आणि दुकाने-आस्थापनांतला दहा तासांपर्यंत नेण्याच्या बदलांना मान्यता दिली, आठवड्याची ४८ तासांची मर्यादा तशीच ठेवून. या बदलांची गरज किती, यावर मतभेद आहेत आणि माझे मत विरोधाकडे झुकणारे आहे. पण एक गोष्ट दोन्ही बाजूंना मान्य व्हावी. दिवस जितका लवचीक, तितकी नोंद चोख लागते. एका दिवशी बारा आणि दुसऱ्या दिवशी सहा तास काम करणाऱ्याच्या आठवड्याची बेरीज मनात ठेवता येत नाही.

हे पुस्तक मोठ्या कंपन्यांच्या मनुष्यबळ विभागासाठी लिहिलेले नाही. त्यांच्याकडे सल्लागार आहेत. भोसरीतला वीस माणसांचा वर्कशॉप, इचलकरंजीतला यंत्रमाग, कोल्हापुरातली फाउंड्री, तालुक्याच्या गावचा दवाखाना, शिकवणी वर्ग, कुंभकोणमसारख्या गावातले भांड्यांचे दुकान, अशा जागा डोळ्यांसमोर ठेवून ते लिहिले आहे. तिथे मालक, व्यवस्थापक आणि हिशेबनीस बहुधा एकच माणूस असतो आणि त्याच्यापुढचा कामगार त्याला ‘शेठ’ नाहीतर ‘दादा’ म्हणतो. त्या जवळिकीत तासांचा विषय काढायला दोघांनाही अवघड वाटते. तो काढण्यासाठी लागणारे कागद, वह्या आणि शब्द पुढच्या पानांत आहेत.

मालकांनी हे पुस्तक वाचण्याआधी एक करावे. आपल्या आस्थापनेचा मागच्या महिन्याचा हजेरीपट काढून समोर ठेवावा. त्यात येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ असे दोन्ही रकाने आहेत का, ते पाहावे. जाण्याचा रकाना रिकामा असेल तर तो येत्या एक तारखेपासून भरायला लागावे आणि त्यातून निघणारा जादा तासांचा मोबदला त्याच महिन्याच्या पगारात द्यावा. उशिराचे पत्रक त्यानंतर लिहावे.